देवमाशाच्या पोटातले ड्रम

वालावलकर बाई पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या तेव्हा त्या मला ओळखतही नव्हत्या. अशा माणसांवर माझा लगेच जीव जडतो. ओळख करून घेऊन, चहापाणी उरकून, मग सावकाश ओरडणारे जगात पुष्कळ आहेत. थेट ओरडण्यापासून सुरुवात करायची तर अंगात काहीतरी असावं लागतं.

स्थळ सिंगापुरातल्या क्लेमेंटीचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवून बसलो होतो आणि टेबलावर बोटांनी ताल धरला होता, रिकामा माणूस धरतो तसा. शेजारच्या टेबलावर माझ्याकडे पाठ करून एक बाई बसल्या होत्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, फिकट निळी साडी आणि साडीखाली शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट बघून मला हसू येतंय तोच मान न वळवता त्या खणखणीत मराठीत म्हणाल्या,

"एक तर नीट वाजवा, नाहीतर कॉफी प्या. दोन्ही कामं बिघडवताय."

मी दचकलो. "मी मराठी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"मघाशी फोनवर बायकोला सांगत होतात ना, ऑफिसात आहे म्हणून? मराठीतच सांगत होतात."

"बरं, पण ताल? तालात काय चुकलं?"

"करंगळी. दर वेळी उशिरा येते. आळशी आहे. मालकावर गेलीय."

मी उठून त्यांच्या समोर जाऊन बसलो. चेहरा बघितला तर कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक जुनी खोक. त्या खोकेची हकिगत पुढे येईल. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ह्या बाईंचा राग म्हणजे काही तात्पुरता प्रकार नव्हे. कुणी सकाळी देवाला फूल वाहतं, तसा त्या रोज सकाळी ताजा राग काढून घेत असाव्यात.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. मुलींच्या शाळेत होत्या तेव्हा शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायच्या. "सगळ्या मुली बासरी मागायच्या," त्या सांगत. "मी म्हटलं, मला मारायला काहीतरी द्या." लग्न झालं ते जहाजावर चीफ इंजिनिअर असलेल्या वालावलकरांशी, आणि बाई सिंगापूरला आल्या. नवरा महिनोन्महिने समुद्रावर. घरात बाई आणि भिंती. एके दिवशी संध्याकाळी समोरच्या शाळेच्या मैदानातून बँडच्या सरावाचा आवाज आला. बाईंनी स्वयंपाकघरातून तो थोडा वेळ ऐकला, मग सहन होईना म्हणून गॅस बंद केला, चपला घातल्या आणि सरळ मैदानात जाऊन बँडमास्तरला सांगितलं, "तुमचा एक पोरगा घाई करतोय. सगळ्यांना पुढे ओढतोय."

बँडमास्तर होते ओंग नावाचे गृहस्थ. ते चिडले नाहीत. त्यांनी बाईंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पोरांना एकेक करून वाजवायला लावलं. बाई भिंतीशी बोलल्यासारख्या सांगत गेल्या. हा बरा, हा झोपलाय, ह्याचं मनगट दुखतंय, हा तो घाईवाला. पुढच्या आठवड्यापासून बाई त्या शाळेत ड्रम शिकवायला लागल्या आणि वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या.

त्या दिवसापासून त्यांची पद्धत पडली ती कायमची. वाजवणाऱ्यांकडे पाठ करून ऐकायचं. शिकवताना समोर तोंड करून त्यांनी कधी कुणाचं वाजवणं ऐकलं नाही. "डोळे लाच खातात," त्या म्हणत. "कडक इस्त्री दिसली, चमकते बूट दिसले, की कानाला वाटतं वाजवतोही चांगलाच. कान एकटे ठेवले तर प्रामाणिक राहतात."

मी हे सगळं इथल्या आमच्या मराठी मंडळात जाऊन सांगितलं, अर्थात माझ्या पद्धतीने, म्हणजे थोडं तिखटमीठ लावून. त्या वेळी, दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास, आमच्या मंडळात ढोल-ताशा पथकाची टूम निघाली होती. पुढाकार परागचा. पराग पुण्याचा, एका बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर. कॉलेजात असताना पथकात ढोल वाजवलेला. माणूस गोड. कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे एक स्लाइड तयार असे. ढोल आले जहाजाने, टिपरं आली विमानाने आणि वाजवणारे आले एम्प्लॉयमेंट पासवर. शिकवणारं कुणी नव्हतं. बाईंना बोलवायचं ठरलं.

बिल्डिंगीखाली वाजवायची सोय नव्हती. दोन ठोके पडायच्या आत वरून कुणीतरी पोलिसांना फोन करतो. तेव्हा बुकित बातोकच्या औद्योगिक भागात, एका वर्कशॉपमागच्या काँक्रीटच्या अंगणात रविवारी सराव सुरू झाला. पहिल्या रविवारी तीसेक माणसं कमरेला ढोल बांधून, डोक्याला फेटे गुंडाळून, फोटो काढायच्या तयारीत उभी. बाई आल्या. एकवार सगळ्यांवर नजर फिरवली.

"ढोल सोडा."

"म्हणजे?" परागने विचारलं.

"खाली ठेवा. चाला."

आम्ही चाललो. पुढचे कितीतरी रविवार आम्ही नुसतेच चाललो. इंजिनिअर, मॅनेजर, एक दंतवैद्य, जहाजावरून सुट्टीवर उतरलेले दोन सेकंड ऑफिसर, सगळे त्या उन्हात डावा-उजवा करत अंगणात फेऱ्या मारायचे, आणि बाई पुढे, आमच्याकडे पाठ करून, पांढऱ्या बुटांनी चालायच्या. आमची पावलं त्या नुसती ऐकायच्या. आम्हाला दिसायची ती फक्त त्यांची पाठ. अंबाडा, ताठ खांदे, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला.

"बाई, ढोल कधी?" दंतवैद्याने काकुळतीने विचारलं.

"पाय आले की."

"पाय तर जन्मापासून आहेत!"

"तुमचा डावा अजून आलेला नाही. तो वाटेत कुठेतरी गप्पा मारतोय."

बाई कुणाला नावाने हाक मारत नसत, कारण पाठमोऱ्या ऐकताना नावं कळत नाहीत, खोडी कळतात. परागला त्या 'घाई' म्हणत. दंतवैद्याला 'गप्पा'. पुढे एकदाचे ढोल मिळाले तेव्हा मला त्यांनी एकदाच ढोलावर ऐकलं आणि झांज दिली. तेव्हापासून मी 'अहो झांज' झालो. फक्त एकीला त्या नावाने हाक मारत, ती इरा. पंचविशीतली, इथेच वाढलेली, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. शाळेत असताना तिथल्या बँडमध्ये ड्रमच वाजवलेला. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र तिचं तिच्या भाषेत यायचं. बाई तिला मराठीत झाडायच्या, ती सिंगापुरी इंग्रजी मिसळून परतवायची आणि दोघींचं मस्त जमायचं.

आता ती खोक. आणि बाईंच्या रागाचं मूळ.

बाई शाळेत शिकवायच्या त्या काळात बँडच्या स्पर्धा व्हायच्या आणि बाई त्यात परीक्षकही असायच्या. तेव्हाचा परीक्षक मैदानात उतरायचा. बँड कूच करत असताना तो रांगांमधून चालायचा, ड्रमवर वाकायचा, कान लावायचा. चूक ऐकली की गुण कापला. लपायला जागाच नाही. एकदा बाई अशाच वाकून ऐकत असताना बाजूच्या मोठ्या ड्रमवाल्या पोराचा दांडू त्यांच्या कपाळावर बसला. रक्त आलं. बाईंनी एका हाताने पदर कपाळाला लावला, दुसऱ्या हाताने गुण कापला आणि पुढे चालू लागल्या. नंतर त्या पोराचे मास्तर माफी मागायला आले. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला लागलं म्हणून गुण कापलात, ते आम्हाला मान्य आहे."

"लागलं म्हणून नाही कापला," बाई म्हणाल्या. "उशिरा लागलं म्हणून कापला."

ही गोष्ट सांगताना बाई हसत. एरवी हसत नसत. कारण त्याच्या पुढची गोष्ट यायची आणि चेहरा बदलायचा.

पुढे स्पर्धा बदलल्या. आधी परीक्षक मैदानातून बाहेर काढले. पोरांच्या आड येतात म्हणे. मग ते स्टँडमध्ये वर, काचेमागे, एअर-कंडिशनमध्ये बसले. तिथून एकेक ड्रम कसा ऐकू येणार? मग चुका मोजणं बंद झालं आणि 'एकंदर परिणामा'ला गुण सुरू झाले. वर बसलेल्याला परिणाम दिसावा म्हणून खाली रंगीत कापडं आली, चाकांवरचे किल्ले आले, जहाजं आली. पोरं कूच करायची सोडून धावायला, लोळायला, उड्या मारायला लागली. मग स्पीकर आले आणि स्पीकरमधून आधीच टेप केलेले आवाज. वारा, लाटा, कुणीतरी गंभीर आवाजात काहीतरी सांगणारं.

"मी शेवटची परीक्षक होते त्या वर्षी," बाई सांगत, "एका शाळेने समुद्र केला होता. निळं कापड सगळ्या मैदानभर. पोरं मासे झालेली. मध्ये पुठ्ठ्याचा एवढा मोठा देवमासा. मी बघतेय, बघतेय, ड्रम कुठे दिसेनात. आवाज येतोय, पण गादीखालून आल्यासारखा. शेजारच्या परीक्षकाला विचारलं, ड्रम कुठेत? तो म्हणाला, आंटी, ड्रम्स आर इनसाइड द व्हेल."

इथे बाई समोरच्या कपातली कॉफी थरथरेल इतक्या जोरात हात टेबलावर आपटत.

"पोटात! देवमाशाच्या पोटात ड्रम! मी ड्रमच्या रकान्यात शून्य दिलं. मला म्हणतात, असं शून्य देता येत नाही, पोरांनी किती मेहनत घेतलीय. मी म्हटलं, मेहनत माशाने घेतलीय, माशाला द्या. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आभार मानले."

ते घड्याळ त्यांनी लावलं नाही. सेकंदकाटा बेताल चालतो म्हणाल्या.

आता मी पडलो खोडकर. एके दिवशी मुद्दाम इराला बाईंसमोर छेडलं, "तुमच्या वेळी पण मासे होते का गं?"

इरा ताठ झाली. "आंटी, यू नॉट फेअर लाह. आम्ही धावत वाजवायचो. उलटं, मागे मागे धावत. तुमच्या वेळी फक्त सरळ चालायचे. मागे पळताना रोल वाजवणं किती हार्ड, यू ट्राय!"

बाई तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"वाजव."

इराने ढोल बांधला आणि मागे मागे धावत अख्ख्या अंगणभर वाजवलं. एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. बाई वळल्या तेव्हा चेहरा लालबुंद.

"चांगलं वाजवतेस. फार चांगलं वाजवतेस! म्हणून तर माझं डोकं फिरतं. एवढं येणाऱ्या पोरीला मासा कशाला केलं त्यांनी?"

इराचे डोळे भरले आणि ती हसलीही. मला वाटतं, त्यानंतर ती बाईंची झाली.

मग आली ती स्पर्धा. वेगवेगळ्या समाजांची वाद्यपथकं स्टेडियममध्ये कूच करणार होती. चिनी सिंहनाचवाले, कोंपांग नावाचे डफ वाजवणारे मलय, शाळांचे बँड आणि आम्ही. नाव दिलं. बाईंना मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं, म्हणजे त्या दर रविवारी नेहमीपेक्षा जास्त ओरडायला लागल्या. धुराचा मोसम होता, शेजारच्या देशातली जंगलं जळत होती, सगळं शहर करपल्यासारखं वास मारत होतं. मंडळाने सराव रद्द केला तरी बाई तोंडाला मास्क बांधून अंगणात हजर. मास्कमधूनही शिव्या स्वच्छ ऐकू येत होत्या.

आणि मग पराग स्लाइड घेऊन आला.

टॅम्पिनीसच्या त्याच्या काँडो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये मीटिंग. समोसे, चटणी, पडद्यावर स्लाइड. मुद्दा साधा होता. स्टेडियम मोठं. आम्ही तीस. तिथे आमचा आवाज चिमणीएवढा वाटणार. तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या मिरवणुकीतलं शंभरएक ढोलांचं रेकॉर्डिंग मागवून स्टेडियमच्या स्पीकरवरून वाजवायचं, आणि त्यावर आपण वाजवायचं.

"फक्त भरणा म्हणून, बाई," पराग म्हणाला. "नियमात बसतं. मी मेल करून विचारलंय."

"नियमात देवमासाही बसला होता."

"सगळी पथकं ट्रॅक वापरणार आहेत. आपण एकटेच कशाला लहान वाटायचं?"

"आपण लहान आहोत म्हणून."

"अहो बाई, लोकांना जोश हवा असतो."

बाई उठल्या. मला वाटलं, आता समोसे उडणार. पण त्या हळू बोलल्या, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "मी ह्या गावात एवढी वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली. पहिल्यांदा आपली माणसं मिळाली. मला बक्षीस नको. एकदा, फक्त एकदा, त्या मैदानात तुमचा स्वतःचा आवाज जाऊ दे. चिमणीएवढा तर चिमणीएवढा. मला तो ऐकायचाय. माझं वय झालंय, घाई, पुन्हा कधी मिळेल सांग मला?"

हात वर करून मतं घेतली. इरा, मी, दंतवैद्य आणि अजून दोन-चार जण बाईंच्या बाजूने. बाकी सगळे जोशाच्या बाजूने. हरलो. ते उंचावलेले हात मला आजही आठवतात. त्यांतले निम्मे हात चटणीने माखलेले होते.

बाई जाताना दारात थांबल्या. "ते रेकॉर्डिंग एकदा लाव."

परागने फोनवर लावलं. बाई पडद्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून ऐकत राहिल्या.

"तुझी टेप घाई करते. सुरुवातीला चालते, शेवटी पळते."

"मिरवणूक आहे बाई, रंगात येतात पोरं. तोच तर जोश."

"मी ह्यांना पळायचं शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

कुणी मनावर घेतलं नाही. बाई मात्र रविवारी सरावाला येत राहिल्या. सराव त्या टेपबरोबरच होत होते, पण बुकित बातोकच्या अंगणात स्पीकर छोटासा आणि समोर तीस ढोल. ती टेप आम्हाला कधी ऐकूच आली नाही. ती वाजते आहे असं मानून आम्ही बाईंच्या पाठीकडे बघून वाजवायचो. हे फक्त आमच्यासारखे लोकच करू शकतात. सरावात जी ऐकू येत नाही ती टेप स्पर्धेत ऐकू येईल तेव्हा काय होईल, हा प्रश्न तीस सुशिक्षित माणसांपैकी एकालाही पडला नाही. मलाही नाही. मी तर झांज.

स्पर्धेच्या दिवशी बाई आल्या. फिकट निळी साडी, पांढरे बूट. पराग जरा ओशाळून म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी स्टँडमध्ये चांगली सीट ठेवलीय."

"मी वर बसत नाही," बाई म्हणाल्या, आणि आमच्या मागोमाग येऊन मैदानाच्या कडेला, दोरीच्या अलीकडे उभ्या राहिल्या.

आम्ही उतरलो. भगवे फेटे, पांढरे सदरे. टाळ्या पडल्या. आणि स्पीकर सुरू झाले.

काय सांगू! छातीत आरपार गेला आवाज. शंभर ढोल आभाळातून कोसळावेत तसा. पहिली फेरी झकास झाली. परागच्या चेहऱ्यावर दिवाळी. दुसऱ्या फेरीत मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. आभाळातले ढोल थोडे पुढे होते. आमची टिपरं थोडी मागे. आम्ही चुकत होतो का? नाही, आम्ही बाईंनी शिकवल्याप्रमाणे बरोब्बर चालत होतो. आभाळ पळत होतं. पुण्यातली ती पोरं रंगात आली होती.

मग जे व्हायचं ते झालं. निम्म्यांनी आभाळाचा पाठलाग सुरू केला, निम्मे पायांशी प्रामाणिक राहिले. पराग सगळ्यांत पुढे पळाला. दंतवैद्य जागच्या जागी उभा राहून दोन्ही बाजूंना बघायला लागला. एका सेकंड ऑफिसरचा ढोल पुढच्याच्या पाठीत घुसला. इरा दात-ओठ खात तोच ठोका धरून होती, पण एकटी किती धरणार? आणि वर, काचेमागे, परीक्षक शांत. त्यांना ऐकू येत होतं ते फक्त स्पीकरमधलं पुणं.

तेवढ्यात दोरी वाकलेली दिसली. बाई दोरीखालून आत शिरल्या होत्या.

मागून लाल टी-शर्टातला एक स्वयंसेवक वॉकी-टॉकी हलवत धावला. "आंटी! आंटी, कॅनॉट! कॅनॉट गो इनसाइड!" बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या आमच्या रांगांमधून चालत आल्या, अगदी सावकाश, एकेका ढोलापाशी मान वाकवत, कान लावत, जशा त्या जुन्या काळी यायच्या. माझ्यापाशी आल्या. "अहो झांज, बंद करा ते." मी बंद केलं. परागपाशी गेल्या आणि त्याचं टिपरू सरळ हातातून काढून घेतलं. आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

अंबाडा. ताठ खांदे. खोचलेला पदर.

आम्ही कितीतरी रविवार हेच तर बघितलं होतं. बाईंचा डावा पाय उचलला गेला आणि पडला. तीस डावे पाय त्याच्याबरोबर पडले. मला आजही कळत नाही ते कसं झालं. कानात स्पीकर ठणाणा करत होते, आम्हाला आमचाच आवाज ऐकू येत नव्हता, पण पाठ दिसत होती, आणि त्या पाठीत ताल होता. बाई आम्हाला फेरी मारायला घेऊन गेल्याच नाहीत. सरळ मैदान कापत, परीक्षकांच्या काचेकडे ढुंकून न बघता, बाहेर जायच्या बोगद्याकडे निघाल्या. मागून तो लाल टी-शर्टवाला, "आंटी, नॉट फिनिश येट, आंटी!"

बोगदा स्टँडच्या खाली होता. आत शिरलो, आणि स्पीकर मागे राहिले.

आणि मग आम्ही आम्हाला ऐकलं.

काँक्रीटची भिंत इकडे, काँक्रीटची भिंत तिकडे आणि मध्ये तीस ढोल. चिमणी कसली! इरा रडत वाजवत होती. पराग रिकाम्या हाताने नुसता चालत होता आणि त्याचा डावा पाय, घाईवाल्या परागचा डावा पाय, बरोब्बर ठोक्यावर पडत होता. बाई थांबल्या. आम्ही उभ्या उभ्या वाजवत राहिलो. त्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. खांदे हलत होते की काय, मला नीट दिसलं नाही. मग त्यांनी हात वर केला. शांतता.

"दुसऱ्या ओळीत," त्या न वळता म्हणाल्या, "कुणीतरी अजून गप्पा मारतंय."

दंतवैद्य ओक्साबोक्शी रडला.

गोष्ट इथे संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण राग यायला अजून जागा आहे.

आम्ही बाद होणार, हे धरूनच चाललो होतो. निकाल लागला. आम्हाला खास पारितोषिक! निवेदक काय म्हणाला ते मी जन्मात विसरणार नाही. दमदार ध्वनी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाट्यमय कल्पकता. गोंधळलेल्या तरुण पिढीला परंपरेची वृद्ध माता येऊन वाट दाखवते, हा प्रसंग परीक्षकांना फार भावला. त्या ज्येष्ठ कलाकार महिलेने कृपया मंचावर यावं.

त्यांना ते नाटक वाटलं होतं! बाई म्हणजे आमचा देवमासा!

मी बाईंकडे बघितलं. आयुष्यभर त्यांचा राग बघत आलो होतो असं मला वाटायचं. तोपर्यंत मी काहीच बघितलं नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि आमचे लोक! आमचे लोक नाचत होते. पराग आनंदाने धावत आला, "बाई, चला चला, तुम्हाला बोलावतायत! बाई, कसली आयडिया होती!"

"आयडिया?" बाई म्हणाल्या.

एवढंच. त्यांनी परागचं टिपरू त्याच्या हातात परत ठेवलं, अगदी हळू, मूल ठेवावं तसं. आणि वळून चालू लागल्या. मंचाच्या उलट दिशेला, एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनकडे. निवेदक दोनदा पुकारत राहिला. मग परागने जाऊन ते बक्षीस घेतलं. फोटोत सगळे आहेत. इरा आणि मी नाही.

त्या पुन्हा सरावाला आल्या नाहीत. पुढच्या वर्षी मंडळाने बाईंच्या जागी एका आजींना साडी नेसवून, पांढरे बूट घालून पुढे चालवलं, आणि वरून प्रकाशझोत टाकला. मी झांज परत केली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दोन-तीन वर्षांनी, क्लेमेंटीला, एका शाळेच्या कुंपणाबाहेरच्या बसस्टॉपवर. संध्याकाळ होती. आत मैदानात बँडचा सराव चालला होता. पोरं धावत होती, काहीतरी भलंमोठं चाकांवर ढकलत होती. बाई कुंपणाकडे पाठ करून उभ्या होत्या. केस पुरते पांढरे झालेले, काठी आलेली, बूट तेच. त्यांची बस आली, थांबली, गेली. त्या चढल्या नाहीत.

मी मागून, आवाज न करता जवळ गेलो.

"अहो झांज," त्या न वळता म्हणाल्या, "तुमचा उजवा पाय ओढताय. डॉक्टरला दाखवा."

"बाई, आत काय चाललंय?"

"आज किल्ला आहे. पत्र्याचा." काठी फुटपाथवर आपटली. "पण त्या किल्ल्याच्या मागे एक पोरगी आहे. डावीकडे, अगदी कडेला. कुणाला दिसणार नाही अशी. ऐका."

मी ऐकलं. मला काही कळलं नाही. मला कधीच कळत नाही.

"तिला कुणीतरी सांगायला पाहिजे," बाई म्हणाल्या. रागाने त्यांचा आवाज कापत होता. "ह्या गाढवांना तर ऐकूच येत नाही."

आणि मग त्यांनी काठी काखेत मारली, पदर कमरेला खोचला आणि शाळेच्या फाटकाकडे चालू लागल्या. मला दिसली ती फक्त पाठ. फाटकावरचा पहारेकरी हात वर करून उठला, "आंटी, आंटी, कॅनॉट!" बाईंचा डावा पाय ठोक्यावर पडत होता.